शेजारच्या दोन सुरांची घासाघीस : वॉन विल्यम्स यांच्या सिंफनी आणि त्यांची ध्वनिमुद्रणं

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ठरला तेव्हा आयोजकांनी विचारलं होतं, ‘सगळ्यात चांगली रेकॉर्ड कुठली, एवढंच सांगून टाका ना.’ ते मी सांगणार आहे, शेवटी. पण त्याआधी एक गोष्ट पटवून द्यायची आहे. एकाच सिंफनीची चार-पाच ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली, तर ‘कोण श्रेष्ठ’ यापेक्षा मोठं काहीतरी हाती लागतं. आपण ज्याला अमुक एक रचनाकार म्हणून ओळखतो, तो आपल्यापर्यंत कुणाच्या हातून आला आहे, ते कळायला लागतं.

रचनाकार आहेत रेफ वॉन विल्यम्स. स्पेलिंग राल्फ असं वाचलं जातं, पण ते स्वतः उच्चार रेफ असा करत. जन्म १८७२, मृत्यू १९५८. एकूण नऊ सिंफनी. पहिली १९१० साली लोकांसमोर आली, नववी १९५८ साली, म्हणजे ते गेले त्याच वर्षी. जवळजवळ पन्नास वर्षांचा हा पल्ला आहे आणि मधे दोन महायुद्धं आहेत.

आता त्यांचं नाव काढलं की इंग्रज श्रोत्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? हिरवं कुरण, ढगाळ आकाश, लोकगीतं. हे अगदीच खोटं नाही, लोकगीतं त्यांनी गावोगाव फिरून जमा केली होती. पण याच माणसानं पहिल्या महायुद्धात, चाळिशी ओलांडलेली असताना, फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या वैद्यकीय तुकडीत काम केलं. तिसऱ्या सिंफनीचं नाव ‘पास्टोरल’ आहे, त्यामुळे लोक तिला शेताबांधाचं संगीत समजतात. तिच्या दुसऱ्या भागात ट्रम्पेटचा एक लांब एकट्याचा स्वर आहे. सैन्यातला एक बिगुलवाला सराव करताना चुकून भलत्याच सुरावर जायचा, त्या आठवणीतून तो आला. कुरण आहे खरं, पण ते युद्धकाळातल्या फ्रान्समधलं आहे.

तर मुद्दा असा की ही ‘मऊ’ प्रतिमा घडली कशी? माझं म्हणणं आहे की ती काही अंशी वाजवण्यातून घडली. म्हणूनच ध्वनिमुद्रणांची तुलना हा नुसता शौकिनांचा खेळ नाही.

तुलना करायची तर मोजपट्टी हवी. ‘हे भावपूर्ण आहे, ते कोरडं आहे’ अशा शब्दांनी काही साधत नाही. मी एक साधी मोजपट्टी देतो. चौथी, पाचवी आणि सहावी या तीन सिंफनी घ्या. १९३५, १९४३, १९४८. तिन्हींच्या मोक्याच्या जागी वॉन विल्यम्स एकच काम करतात : शेजारी-शेजारी असलेले दोन सूर एकमेकांवर घासायला लावतात.

आपल्या भाषेत सांगतो. षड्ज आणि कोमल रिषभ एकाच वेळी, मोठ्यांदा, वीसेक वाद्यांवर धरले तर कसं वाटेल? तीच चौथीची सुरुवात. पाचवीत तंतुवाद्यांचा खर्ज एका सुरावर बसलेला असतो आणि वरून दोन हॉर्न येतात, पण ते खर्जाला षड्ज मानत नाहीत, त्याच्या शेजारच्या सुराला मानतात. म्हणजे तानपुरा एका पट्टीत आणि गवई एक सूर वर, आणि तरी कानाला गोड लागतं. सहावीच्या अगदी शेवटी दोन स्वरसंघ आळीपाळीने येतात, एक ई-फ्लॅट मेजर आणि एक ई मायनर. पायाचे सूर अर्ध्या स्वराच्या अंतरावर. ते झुलत राहतात आणि विरतात. उत्तर मिळत नाही.

तेव्हा प्रश्न एकच विचारायचा : या ध्वनिमुद्रणात मला दोन्ही सूर ऐकू येतात का? की वाजवणाऱ्यांनी एकाला दाबून दुसऱ्याला मोठं केलं?

चौथी : रचनाकाराचा स्वतःचा हात

चौथीपासून सुरुवात करू. १० एप्रिल १९३५ रोजी एड्रियन बोल्ट यांनी बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत ती पहिल्यांदा सादर केली. लोक चक्रावले. कुरणवाल्या म्हाताऱ्यानं हे काय केलं? आपल्याला ही आवडते की नाही ठाऊक नाही, पण म्हणायचं होतं ते हेच, असं वॉन विल्यम्स स्वतः म्हणाल्याचं प्रसिद्ध आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये, पासष्ट वर्षं पूर्ण होत असताना, त्यांनी ती स्वतः ध्वनिमुद्रित केली. वाद्यवृंद तोच, पहिल्या प्रयोगाचा. हा काही हौशी उद्योग नव्हता. ते व्यावसायिक कंडक्टर नव्हते खरे, पण लीथ हिल या संगीत महोत्सवात १९०५ पासून जवळजवळ अर्धशतक त्यांनी गायक-वादकांना हाताळलं होतं. हातात काठी धरणं त्यांना नवीन नव्हतं.

(इथे १९३७च्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात ऐकवली.)

काय जाणवलं? वेग. अख्खी सिंफनी अर्ध्या तासात उरकते. पहिला आघात येतो आणि त्यावर ते रेंगाळत नाहीत. ‘बघा किती भयंकर स्वर आहे’ असं दाखवत बसत नाहीत. घाव घातला आणि पुढे. त्यामुळे तो घाव जास्त लागतो.

आता लिओनार्ड बर्नस्टाइन यांचं १९६५चं ध्वनिमुद्रण घ्या, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं. लय जड आहे, प्रत्येक आघाताला वजन दिलंय. बर्नस्टाइनना यात शोकांतिका दिसते आणि ती ते पूर्ण रंगवतात. घासाघीस स्पष्ट ऐकू येते, किंबहुना भिंगाखाली धरल्यासारखी. पण रंगवलेली शोकांतिका ऐकणाऱ्याला थोडी सोय करून देते. आपण प्रेक्षक होतो. १९३७च्या तबकडीत ती सोय नाही. आवाज जुना, खरखर आहे, आणि तरी माणूस अंगावर येतो.

तिसरे बोल्ट. त्यांनी चौथी दोनदा केली, १९५०च्या दशकात डेक्का कंपनीसाठी आणि १९६८ मध्ये ईएमआयसाठी. १९६८चं ध्वनिमुद्रण नीटनेटकं आहे, सगळे आवाज आपापल्या जागी आहेत. पण राग उतरलाय. मी त्याला वाईट म्हणणार नाही. मात्र फक्त तेच ऐकून कुणी ‘वॉन विल्यम्स म्हणजे सभ्य गृहस्थ’ असं मत केलं, तर त्याचं चुकलं असं मी म्हणेन.

मग रचनाकाराचा हात हाच अंतिम निकाल का? नाही. तो साक्षीपुरावा आहे, आणि साक्षीदार पुढे मत बदलू शकतो. चौथीच्या दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी बासरी एकटी उरते. तिचा शेवटचा सूर आधी एफ होता, नंतर वॉन विल्यम्स यांनी तो बदलून ई केला. एकच सूर, अर्ध्या स्वराचा फरक. पण एफवर थांबलं तर थोडा निवारा मिळतो आणि ईवर थांबलं तर तोही जातो. म्हणजे १९३७ची तबकडी रचनाकाराची असूनही त्यांच्या शेवटच्या शब्दाची नाही. दुसरी, ‘लंडन’ सिंफनी तर त्यांनी १९१४ नंतर अनेकदा कापली, सुधारली. तिचं मूळ लांबलचक रूप रिचर्ड हिकॉक्स यांनी एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की किती सुंदर पानं या माणसानं स्वतःच्या हातानं फाडून टाकली होती.

पाचवी : संथपणा केव्हा चालतो

पाचवी २४ जून १९४३ची. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स महोत्सवात स्वतः वॉन विल्यम्स यांनी सादर केली. जुना क्वीन्स हॉल १९४१च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेला होता. अशा काळात हे शांत संगीत आलं.

पहिलं ध्वनिमुद्रण जॉन बार्बिरोली यांचं, १९४४, मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा. बार्बिरोली नुकतेच न्यूयॉर्कहून परतले होते. युद्धामुळे हॅलेत मोजके वादक उरले होते, बाकीचे त्यांनी शोधून, शिकवून उभे केले. जाता जाता एक आपल्याकडचा धागा : मुंबईत बॉम्बे सिंफनी उभारणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षं याच हॅलेमध्ये बार्बिरोलींच्या हाताखाली वाजवत होते. आठवी सिंफनी १९५६ मध्ये पहिल्यांदा वाजली ती हॅलेकडूनच, बार्बिरोलींच्याच हाती.

१९४४च्या ध्वनिमुद्रणात एक अडचण आहे आणि ती संगीताची नाही, लाखेची आहे. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावतात. आपल्याकडे तीन-सव्वातीन मिनिटांत राग मांडणाऱ्या तबकड्या आपण ऐकतोच. गवयानं त्या मापात राग बसवला. सिंफनीला तसं बसवता येत नाही, ती मधेच तोडून बाजू उलटावी लागते. शिवाय सुरुवातीचा तो खर्ज, चेलो आणि डबल बासचा, खरखरीत अर्धा बुडतो. वरचे हॉर्न ऐकू येतात, खालचा सूर जेमतेम. मग घासाघीस राहिली कुठे? उरतं ते नुसतं गोड हॉर्न. मला वाटतं, पाचवीची ‘निव्वळ प्रसन्न’ अशी कीर्ती व्हायला या तबकड्यांचाही थोडा हातभार लागला असावा. हा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या.

(इथे बार्बिरोलींचं १९४४चं आणि १९६२चं ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकवलं.)

१९६२ मध्ये बार्बिरोलींनी ती पुन्हा केली, या वेळी फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रासोबत, स्टिरिओमध्ये. लय आधीपेक्षा संथ. आणि इथे माझ्या ‘मऊपणा वाजवण्यातून आला’ या म्हणण्याला छेद जातो, तोही सांगायला हवा. कारण ही संथ लय मऊ नाही. तळाचा सूर आता पूर्ण ऐकू येतो, त्यामुळे पहिल्याच वाक्यापासून जमीन किंचित तिरकी आहे हे कळतं. तिसऱ्या भागात, रोमान्झामध्ये, तंतुवाद्यांचे अगदी हलके स्वरसंघ पसरतात आणि त्यांवर कोर आंग्ले हे ओबोचं थोरलं भावंड गायला लागतं. बार्बिरोली त्याला घाई करत नाहीत, पण आळसावूही देत नाहीत. प्रत्येक वाक्याला श्वास आहे आणि श्वासाला अंत आहे.

आंद्रे प्रेव्हिन यांचं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचं ध्वनिमुद्रण, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचं, आणखी संथ आहे. आवाज अतिशय देखणा. पण तिथे एका टप्प्यावर मी विसरतो की काही सुटायचं बाकी आहे. विलंबित ख्यालात लय कितीही कमी केली तरी सम येणार ही अपेक्षा श्रोत्याच्या मनात जिवंत ठेवावी लागते, नाही का? प्रेव्हिनच्या रोमान्झात ती अपेक्षा मधून मधून विझते.

आणि वॉन विल्यम्स स्वतः? ३ सप्टेंबर १९५२च्या प्रॉम्समधलं, त्यांनी लंडन फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेलं पाचवीचं प्रत्यक्ष मैफलीचं मुद्रण उपलब्ध आहे. वय जवळजवळ ऐंशी. वादन जागोजाग सैल आहे, पण प्रवाह सुटत नाही. शेवटच्या भागात सुरुवातीचे हॉर्न मोठ्या आवाजात परततात आणि मग हळूहळू सगळा वाद्यवृंद एका पट्टीत येतो, खर्ज आणि गाणं एक होतं. ते रडवेलं होऊ देत नाहीत. एखादा माणूस दिवसाचं काम संपवून अवजारं जागेवर ठेवतो, तसं करतात.

सहावी : काहीच न करण्याची कला

सहावी २१ एप्रिल १९४८ रोजी बोल्ट यांनी सादर केली. चार भाग, मधे थांबायचं नाही. तीन भाग प्रचंड गदारोळ. दुसऱ्या भागात ट्रम्पेट आणि नगारे एकच ठेका धरून बसतात, सोडतच नाहीत. तिसऱ्यात सॅक्सोफोन छद्मी हसतो. आणि चौथा भाग, एपिलॉग, संपूर्ण पियानिसिमो. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत अत्यंत हळू आवाजात, आणि स्वरलेखनात स्पष्ट सूचना : आवाज वाढवायचा नाही.

लोकांनी लगेच अर्थ लावला. युद्ध, अणुबॉम्ब, उद्ध्वस्त जग. वॉन विल्यम्स यांना हे अजिबात आवडलं नाही. एखाद्या माणसाला नुसतं संगीत लिहावंसं वाटू शकतं, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

फेब्रुवारी १९४९ मध्ये एकाच आठवड्यात दोन ध्वनिमुद्रणं झाली, न्यूयॉर्कमध्ये लिओपोल्ड स्टोकॉव्स्की आणि लंडनमध्ये बोल्ट. स्टोकॉव्स्की दोन दिवस आधी. पुढच्याच वर्षी वॉन विल्यम्स यांनी तिसरा भाग सुधारला, तेव्हा बोल्ट यांनी तेवढाच भाग पुन्हा मुद्रित केला. म्हणून आज आपल्याला त्यांचे दोन्ही पाठ ऐकता येतात.

स्टोकॉव्स्कींची तंतुवाद्यं भरदार, उबदार. पहिल्या भागाच्या शेवटी येणारं ते मोठं गाणं त्यांच्याकडे ऐकावं, डोळे पाणावतात. पण एपिलॉगमध्ये ऊब ही अडचण ठरते. तिथे वाजवणाऱ्यानं काही सांगायचं नाही, फक्त सूर ठेवायचे.

हे बोल्ट यांना जमलं. त्यांचं डेक्कासाठीचं, डिसेंबर १९५३चं लंडन फिलहार्मोनिकबरोबरचं ध्वनिमुद्रण मी आजच्या यादीत सर्वांत वर ठेवतो. रचनाकार स्वतः हजर होते. शेवटी त्यांनी वादकांचे आभार मानले, तेही मुद्रित झालंय. एपिलॉगमध्ये कुणी दुःखी होत नाही, कुणी बॉम्ब ‘दाखवत’ नाही. दोन स्वरसंघ झुलतात. पहिला ऐकताना दुसरा खरा वाटतो, दुसरा ऐकताना पहिला. कुठलाच जास्त वाजवलेला नाही. इथे ती मोजपट्टी पूर्ण भरते.

अलीकडचं एक. अंतोनियो पापानो आणि लंडन सिंफनी. चौथी १२ डिसेंबर २०१९ रोजी वाजवली, ब्रिटनच्या निवडणुकीच्या दिवशी. सहावी १५ मार्च २०२०, टाळेबंदीच्या तोंडावर. दोन्ही प्रत्यक्ष मैफली. पहिले तीन भाग जबरदस्त. पण मी सुचवेन की हे आधी तारीख न सांगता कुणाला तरी ऐकवा. कारण तारीख कळली की कान बदलतो. शेवटची शांतता आपल्याला रिकाम्या रस्त्यांची वाटायला लागते. ती शांतता १९४८ मध्येही तशीच होती, आणि १९४८ मधल्या लोकांनीही तिच्यात आपापलं काहीतरी भरलंच होतं.

आता यादी, वचन दिल्याप्रमाणे. चौथीसाठी १९३७, रचनाकाराचं. पाचवीसाठी बार्बिरोली, १९६२. सहावीसाठी बोल्ट, १९५३. प्रत्येकाच्या शेजारी विरुद्ध स्वभावाचं एक ठेवा : बर्नस्टाइन, मग वॉन विल्यम्स यांचीच १९५२ची मैफल, मग स्टोकॉव्स्की.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : एपिलॉग मोबाइलवर ऐकला तर काहीच ऐकू येत नाही. आवाज वाढवायचा का?

उत्तर : चांगला प्रश्न. पहिल्या भागाला जो आवाज लावलाय, तोच शेवटपर्यंत ठेवा. मोबाइलवर जमणार नाही, हेडफोन घ्या, आणि घरातला पंखा दहा मिनिटं बंद ठेवा. मधेच आवाज वाढवलात तर जे काम लिहिणाऱ्यानं वादकांना मना केलंय, ते तुम्ही केल्यासारखं होईल.

प्रश्न : ज्याला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही, त्यानं अशी तुलना करावी का?

उत्तर : जरूर करावी. एकाच रागाचे दोन गवई तुम्ही ऐकता तेव्हा कुठली लिपी वाचता? जागा लक्षात ठेवता, आणि त्या जागी कोण काय करतो ते बघता. इथे मी तुम्हाला तीन जागा दिल्या : चौथीची पहिली दहा सेकंदं, पाचवीची पहिली दोन मिनिटं आणि सहावीची शेवटची दोन. एवढंच घेऊन बसा. तीन-चार ध्वनिमुद्रणांत मिळून अर्धा तासही लागणार नाही. मग सबंध सिंफनी ऐका. ती तुम्हाला वेगळी लागेल, असं मला वाटतं.